सतराव्या घरातल्या बाई

१

खोक्यात एक्क्याऐंशी घरं, आणि सतरावं घर रिकामं.

मुंगीनं जाड हातमोज्यातल्या बोटानं ओळ पुन्हा मोजली. फ्रीझरच्या उघड्या दारातून उणे ऐंशी अंशांची पांढरी वाफ तिच्या गुडघ्यांवरून फरशीवर उतरत होती. पंधरा, सोळा, मग खड्डा, मग अठरा. खड्ड्यात हिम साचलं होतं, साबणाच्या फेसासारखं, काठोकाठ.

तिनं खोका होता तसा ठेवला, दार लावलं आणि सरांऐवजी माईंना फोन केला.

"माई, बाई नाहीत."

"बाळ, त्यांना जाऊन वर्ष झालं."

"तसं नाही. फ्रीझरात नाहीत."

माईंचा नेहमीचा हळू आवाज आला. "कशाला हात लावू नकोस. मी येते."

माई म्हणजे रुग्णालयाच्या संसर्ग-नियंत्रणाच्या सिस्टर. वॉर्डात धूळ कुठून आली, कुणाच्या खोलीत कुणी फुलं नेली, कुठल्या नळाचं पाणी बिघडलं, याचा माग काढणं त्यांचं काम. त्यांचा आवाज इतका हळू की समोरच्याला कान पुढे करावा लागे, आणि कान पुढे केलेल्या माणसाला खोटं बोलणं जड जातं, हे त्यांना नोकरीच्या पहिल्या वर्षातच कळलं होतं.

ज्यांच्या अंगातली रोगाशी लढायची ताकद औषधांनी किंवा आजारानं संपलेली असते, अशा पेशंटांना होणारे संसर्ग ही प्रयोगशाळा ओळखायची. ते कसे ओळखायचे हे शिकायला दर सहा महिन्यांनी दोन संशोधक विद्यार्थी यायचे; सध्याच्या दोघांतली एक मुंगी. बावीस वर्षं बाईंनी त्यांना शिकवलं. मग रक्ताचा आजार बाईंनाच झाला, त्यांचीच ताकद संपली आणि त्यांच्या फुप्फुसात बुरशी शिरली. शेवटच्या आठवड्यात, ऑक्सिजनचा मुखवटा बाजूला करून त्या म्हणाल्या होत्या, "माझी बुरशी जपून ठेवा. मुलांना माझीच दाखवा, पुस्तकातली कशाला?"

तीच एका नळीत जपून ठेवली होती. सतराव्या घरात.

आणि आज सकाळीच बाहेरच्या प्रयोगशाळेकडून अहवाल आला होता. गेल्या पाच आठवड्यांत दोन पेशंटांच्या धुवणात, म्हणजे फुप्फुसात सोडून परत ओढून घेतलेल्या पाण्यात, बुरशी उगवली होती. दोन्हींची डीएनएची छाप एकच, आणि ती जुन्या नोंदींतल्या एकाच छापेशी तंतोतंत जुळत होती.

बाईंच्या.

२

"भिंतीत आहे ती," सर म्हणाले. बाईंच्या मागे प्रयोगशाळा आणि प्रशिक्षण दोन्ही त्यांच्याकडे आलं होतं. आठवडाभरात दाढी करायला त्यांना सवड मिळालेली दिसत नव्हती. "बाई तीन नंबरच्या खोलीत वारल्या. त्यांच्या बुरशीनं वॉर्डात घर केलंय. आणि आता त्याच तीन नंबरात शिंपी आहे."

शिंपी चाळीशीचा. त्याच्या धुवणातही शुक्रवारी हिरवा ठिपका उगवला होता. छाप यायला वेळ होता, पण रंगरूप तेच.

"उद्या सकाळी सहाला त्याचं औषध सुरू व्हायचंय," माई म्हणाल्या.

"म्हणून तर डोकं चालत नाहीये! ते औषध एकदा चढवलं की त्याची जुनी अस्थिमज्जा मेली. तेव्हा फुप्फुसात ही बुरशी असली, तर आठवडाभरात जाईल तो. आणि थांबवलं, तर आजार परत येईल. आज दबलाय म्हणून तर संधी आहे. त्याची ताई मज्जा द्यायला इंजेक्शनं घेऊन तयार बसलीय बाहेर."

"पहिल्या पेशंटच्या वेळी थांबवलं होतं."

सरांनी खिडकीकडे पाहिलं. पहिलीचं प्रत्यारोपण पुढे ढकललं होतं. आजार परत आला आणि दोन आठवड्यांपूर्वी ती गेली. दुसरा, एक बसचालक, अजून घरी वाट पाहत होता.

"त्यात ही नळी गायब," सर म्हणाले. "आता माझ्या मनात भलतंच येतंय. कुणी मुद्दाम तर नाही ना नमुन्यांत मिसळत? असं कोण करेल, माई?"

"चार वाजेपर्यंत मला वेळ द्या."

"चारला मी वॉर्डाला फोन करणार. आणि आत्ता विचाराल, तर मी 'नको' म्हणणार आहे."

दारातून बाहेर पडताना माई थांबल्या. "सर, दुसरा, तो बसचालक, वॉर्डात कधी राहिला होता?"

सरांनी फाइल उघडली. पान उलटलं. पुन्हा मागे उलटलं.

"राहिलाच नव्हता," ते सावकाश म्हणाले. "बाहेरूनच तपासणी करून घरी गेला."

ज्याला भिंतच लागली नव्हती, त्याला भिंतीतली बुरशी लागली होती.

३

लांबलचक मानेच्या विद्यार्थ्याला सगळे जिराफ म्हणत, आणि त्यालाही ते आवडायचं. तो संगणकासमोर बसून पाव खात होता. प्रयोगशाळेत खायचं नाही हा नियम ठाऊक असल्यानं त्यानं पाव मांडीवर लपवला.

"लपवू नकोस, संपव," माई म्हणाल्या. "मेलेल्या बाईची बुरशी वर्षभरानं जिवंत पेशंटांत. असा शोधनिबंध मिळाला तर तुझं भाग्य उजळेल, नाही?"

जिराफाचा घास अडकला. "सर तसं म्हणाले का? माई, मी आगाऊ आहे, आळशीही आहे, आई तर रोज फोनवर ऐकवते. पण लोकांच्या जिवाशी खेळून मला पदवी नको."

"निबंधाचं शीर्षक लिहून ठेवलंयस म्हणे."

त्याचे कान लाल झाले. "लिहिलंय. शीर्षकच फक्त. ते मी सगळ्याचंच लिहितो."

माई हसल्या नाहीत, पण त्यांचे डोळे निवळले. "तुम्ही दोघं इथे कधी आलात?"

"चार महिने झाले."

"चल, फ्रीझर उघडून दाखव मला."

जिराफानं दोन खोके काढले. एक जुना, बाईंचा. दुसरा नवा, दोघं आले त्या आठवड्यात काकांनी लावलेला. काका म्हणजे प्रयोगशाळेचे तंत्रज्ञ. बाईंच्याही आधीपासून इथे होते. नव्या खोक्यातल्या रिकाम्या घरांत हिमाची नुसती पिठी होती, बोटानं पुसली जाईल इतकी. जुन्यातलं सतरावं काठोकाठ भरलेलं.

"दार रोज तेवढंच उघडतं ना?"

"तेवढंच. फ्रीझर एकच आहे." आणि मग जिराफाची मान एकदम ताठ झाली. "म्हणजे हे घर चार महिन्यांच्या कितीतरी आधीपासून रिकामं आहे. म्हणजे आम्ही नाही!"

"तुम्ही नाही," माई म्हणाल्या. "झाकण लाव, गार पडेल हात."

फ्रीझरच्या दाराला नळ्यांच्या तपासणीचा तक्ता चिकटवला होता. गेल्याच महिन्याची तारीख. सतरा नंबरसमोर निळ्या शाईत ठसठशीत बरोबरची खूण. नळी आहे.

खूण काकांनी केली होती.

४

माईंनी काकांना लगेच विचारलं नाही. नळी कुणी काढली हे एक, आणि बुरशी नमुन्यात कशी पोचली हे दुसरं. शिंप्याचा जीव दुसऱ्यात होता.

मुंगी शिकवणीच्या खोलीत एकटी बसली होती. पडद्यावर बाई होत्या. आजारी पडण्याआधी त्यांनी सगळे धडे चित्रित करून ठेवले होते आणि नवे विद्यार्थी त्यांच्याकडूनच शिकत. खांद्यावर राखाडी शाल, नाकाच्या शेंड्यावर चष्मा. "झाकण अर्धंच उघडायचं," बाई म्हणत होत्या. "श्वास आवरायचा. मी बघतेय हं." दर तुकडीचे विद्यार्थी या वाक्याला हसायचे. ही तुकडी हसली नव्हती. बाई कॅमेऱ्यात बघून बोलत, त्यामुळे खोलीत कुठेही बसलं तरी नजर आपल्यावरच येई.

"हा कितव्यांदा बघतेयस?"

"ठाऊक नाही." मुंगीच्या मांडीवर तीन छायाचित्रं होती. तिन्ही पेशंटांच्या प्लेटांची, म्हणजे नमुन्यातलं काय उगवतं ते पाहायच्या झाकणाच्या बशांची. मुंगी सतत काहीतरी उचलून कुठेतरी नेत असे म्हणून तिचं नाव मुंगी, पण आत्ता तिचे हात नुसते पडले होते.

पडद्यावर बाईंनी लूप, म्हणजे टोकाला कडी असलेली तार, नमुन्यात बुडवली आणि प्लेटवर नागमोडी रेघ ओढली. "आता नीट ऐका. या रेघेवर उगवलं, तर ते पेशंटचं. रेघ सोडून बाजूला उगवलं, तर ते हवेतून पडलेलं. म्हणजे आपलं. आपलं पाप पेशंटच्या माथी मारायचं नाही."

माईंनी हात पुढे केला. मुंगीनं छायाचित्रं दिली, आणि तोंड ओंजळीत लपवून रडायला लागली.

तिन्ही प्लेटांवर रेघ स्वच्छ होती. हिरवा ठिपका प्रत्येक वेळी बाजूला, काठाजवळ.

"तुला दिसलं होतं."

"पहिल्यांदाच दिसलं होतं. तिन्ही नमुने मीच उघडले, माई. बाजूला उगवलं असं लिहिलं असतं, तर माझा हात घाणेरडा ठरला असता. मला काढून टाकलं असतं. म्हणून नुसतं 'वाढ आहे' लिहिलं. मनाला म्हटलं, अशा पेशंटात एक ठिपकाही दुर्लक्षून चालत नाही, सरांनीच शिकवलंय. सरांनी मग अहवालच वाचला, प्लेट कुणी मागितलीच नाही." तिनं नाक पुसलं. "आणि मला रोज वाटायचं, या बघतायत."

माईंनी पडदा बंद केला. खोली एकदम मोठी वाटायला लागली.

"तुझा हात घाणेरडा असता तर तुझ्या सगळ्याच प्लेटांवर उगवलं असतं. कुठल्या दिवशी उघडलेस हे तीन?"

मुंगीनं वही चाळली. चाळता चाळता तिचा हुंदका थांबला. "मंगळवार. तिन्ही मंगळवारी. आणि तिन्ही वेळा दिवसाचा पहिला नमुना."

"तू यायच्या आधी त्या हूडमध्ये कुणी काम करतं?" हूड म्हणजे काचेची, पंख्याची पेटी. नमुने तिच्यातच उघडतात. आतला पंखा हवा गाळून घेतो, म्हणजे काही उडत नाही.

"कुणीच नाही. पंखा किती तास चालला त्याचा आकडा आपोआप पुढे जातो, तो आम्ही रोज लिहितो. सोमवारी संध्याकाळी जो असतो, तोच मंगळवारी सकाळी."

"पंखा न लावता कुणी केलं तर?"

मुंगी बघतच राहिली. "असं कोण करेल? पहिल्या दिवशी शिकवतात की..."

"आकडा पुढे जाऊ नये असं ज्याला वाटतं, तो. पूर्वी कुठे करत असेल तो हे काम?"

उत्तर मुंगीनं नाही, दारात उभ्या राहिलेल्या जिराफानं दिलं. "मागच्या खोलीत जुना हूड होता. त्याला आकडा नव्हता. सहा आठवड्यांपूर्वी भंगारात गेला."

पहिला ठिपका पाच आठवड्यांपूर्वीचा होता.

"काका तेव्हा दोन दिवस जेवले नव्हते," जिराफ म्हणाला. "आम्हाला वाटलं, जुन्या यंत्राचा लळा लागला असेल."

५

काका सोमवारी प्लेटा ओतत. आजही ओतत होते. गरम पिवळसर द्रव एका धारेत, एकही बुडबुडा न येऊ देता.

माई स्टूल ओढून बसल्या. घड्याळात अडीच.

"काका, बाईंना कुठे ठेवलंत?"

धार तुटली नाही. काकांनी ती प्लेट पूर्ण भरली, झाकली, मग बाटली खाली ठेवली. कोणी विचारावं म्हणून वर्षभर थांबलेल्या माणसासारखे ते उठले. इन्क्यूबेटर, म्हणजे उबेचं कपाट, त्यांनी उघडलं आणि अगदी खालच्या फळीच्या मागून एक प्लेट काढली. वर नाव नव्हतं. गेल्या मंगळवारची तारीख होती. आत हिरवट-करडी मखमल काठापर्यंत पसरली होती.

"त्यांना थंडी सोसायची नाही हो," काका म्हणाले. "उन्हाळ्यातसुद्धा शाल. पंखा लावला की मला ओरडायच्या. आणि मीच त्यांना उणे ऐंशीत ठेवलं. माझ्या हातानं. लेबल लावलं, झाकण घट्ट केलं. घरी जाऊन अंथरुणावर पडलो की दातांवर दात वाजायचे माझे. बायको म्हणायची, ताप आहे. ताप नव्हता."

"मग काढलंत."

"महिनाभरातच. दर मंगळवारी नव्या प्लेटवर घेतो. नाहीतर वाळून जाते. मंगळवारी त्यांचा पहिला तास असायचा." त्यांनी प्लेट दोन्ही हातांत धरली होती. "मला ठाऊक आहे माई, ही त्या नाहीत. हिनंच त्यांना खाल्लं. पण त्यांच्यातलं जिवंत असं हेच तर उरलंय."

माई रोज देवळात जात, ही भाषा त्यांना परकी नव्हती, म्हणूनच त्यांच्या अंगावर काटा आला.

"पंखा बंद ठेवून?"

"वारा नाही, तर उडेल कशी, असं वाटलं. एका मिनिटाचं काम. नंतर स्पिरिटनं पुसतो की."

"बुरशीचं बी स्पिरिटला दाद देत नाही, काका. ते तिथेच बसून राहतं. मग मुंगी येते, पहिला नमुना उघडते."

"दुसऱ्या नमुन्यात उगवलं तेव्हा मनात पाल चुकचुकली होती." ते प्लेटकडेच बघत होते. "मग दोनदा पुसायला लागलो. बोललो असतो, तर त्यांना ऑटोक्लेव्हमध्ये घालून वाफेनं मारलं असतं."

"सरांना सांगावं लागेल. तुम्हीच. मी सांगितलं तर तो तर्क होईल, आणि नुसत्या तर्कावर ते एका माणसाचा जीव टांगणीला लावणार नाहीत."

काकांनी मान हलवली. हो की नाही ते कळेना. प्लेट त्यांनी छातीशी घेतली होती.

"तुम्ही वॉर्डात कधी आलायत?" माईंनी विचारलं.

"मी? नाही. आमच्याकडे नळ्या येतात. नंबर येतात."

"चला तर."

६

तीन नंबरच्या काचेबाहेर शिंप्याची ताई खुर्चीत बसून फोनवर बोलत होती. पलीकडे, चार हातांवर, फोन कानाला लावून शिंपी पलंगावर बसला होता.

"ऐक, रडलास तर मज्जा परत घेईन," ताई म्हणत होती. "लहानपणी माझी सायकल घेतलीस, आता हाडातलंही घेतोयस. काही ठेवशील की नाही माझ्याकडे?"

शिंप्यानं काहीतरी उत्तर दिलं आणि ताई हसता हसता डोळे पुसू लागली. मग त्याचं लक्ष काकांकडे गेलं. त्यानं डोळे बारीक करून त्यांना खालपासून वरपर्यंत मापलं आणि ताईला काहीतरी सांगितलं.

"तो म्हणतोय," ताई संकोचून म्हणाली, "काकांचा डावा खांदा उतरलाय. शर्ट ज्यानं शिवला, त्याला दिसलंच नाही. बरा झाला की नीट शिवून देईल म्हणतो."

काकांनी नकळत डावा खांदा चाचपला. इतक्या वर्षांत त्यांच्या नळीतल्या एकाही नंबरानं त्यांच्याकडे वळून पाहिलं नव्हतं.

"नंबर काय यांचा?" त्यांनी माईंना हळूच विचारलं.

"सातशे एकोणचाळीस."

साडेतीनला ते सरांच्या खोलीत गेले. दार बंद झालं. माई बाहेर उभ्या राहिल्या. आतून एकदाही चढा आवाज आला नाही, आणि तेच जास्त भीतीदायक होतं.

सर बाहेर आले ते थेट सूक्ष्मदर्शकाकडे. शिंप्याच्या धुवणाची दुसरी नळी शीतकपाटात तशीच होती, सीलबंद. ती त्यांनी शेजारच्या इमारतीत नेऊन उघडली आणि तासभर डोळा काढला नाही. बुरशीचा एक धागाही नव्हता. शिंप्याच्या फुप्फुसावर आधीपासून एक डाग होता, तो त्यांनी दोन स्कॅनमध्ये पुन्हा मोजला. तीन आठवड्यांत केसभरही वाढला नव्हता. स्कॅन आणि सूक्ष्मदर्शक दोन्ही 'नाही' म्हणत होते. 'हो' म्हणणारा एकच ठिपका उरला होता, रेघेबाहेरचा, आणि तो कुठून आला ते आता ठाऊक होतं.

पाच वाजून दहा मिनिटांनी त्यांनी वॉर्डाला फोन केला. "उद्या सहाला सुरू करा." मग दुसरा, बसचालकाच्या घरी. तिसरा फोन लावायला कुणी उरलं नव्हतं.

मुंगीनं तिन्ही नोंदी स्वतःच्या हातानं दुरुस्त केल्या आणि खाली सही केली. सरांनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. "उद्या नऊला ये," एवढंच म्हणाले. हूडला कुलूप लागलं. काकांबद्दल अधिष्ठात्यांकडे पत्र जाणार होतं, हे काकांनाही ठाऊक होतं.

प्लेट ऑटोक्लेव्हमध्ये ठेवायचं काम त्यांनी मागून घेतलं. झाकण लावलं, चाक फिरवलं, मग भिंतीशी बाकावर बसले. माई शेजारी. आत वाफ कोंडायला लागली. उन्हाचा शेवटचा पट्टा फरशीवरून सरकत होता.

"दुखेल का हो त्यांना?" काकांनी विचारलं, आणि स्वतःच मान हलवली. "काय बोलतोय मी."

बऱ्याच वेळानं काका म्हणाले, "माई, पहिला नमुना. सातशे चार. त्या पेशंटचं काय झालं?"

ठाऊक नाही म्हणणं सोपं होतं. माईंनी डोळे मिटले, मनात काहीतरी म्हटलं आणि उघडले.

"गेली ती. दोन आठवड्यांपूर्वी. प्रत्यारोपण थांबवलं, आणि आजार परत आला."

दाबाचा काटा वर चढत होता. काका त्याच्याकडे बघत राहिले.

"बाईमाणूस होती?"

"हो. लहान मुलांना पोहायला शिकवायची. पाण्याला घाबरणारी मुलं तिच्याकडे पाठवत, म्हणे."

काकांचे हात मांडीवर उघडे पडले होते, काहीतरी धरून ठेवल्यासारखे. वाफ सुटायला लागली आणि खोलीभर तो ओला, गरम वास पसरला.

"उद्या सहाला," ते म्हणाले, "मी काचेबाहेर बसलो तर चालेल?"

"चालेल."

"दर मंगळवारी येईन म्हणतो."

ऑटोक्लेव्हची शिट्टी झाली. दोघांपैकी कुणीच उठलं नाही.